स्वतंत्र कलावंतांच्या नव्या सिंगलचं परीक्षण कसं लिहायचं

शुक्रवार हा नव्या गाण्यांचा वार. जुलै २०१५ मध्ये जगभरच्या कंपन्यांनी नवं संगीत शुक्रवारी प्रकाशित करायचं ठरवलं. आता डिस्ट्रोकिड किंवा ट्यूनकोरसारख्या वितरकांमार्फत स्वतःच एकेक सुटं गाणं, म्हणजे ‘सिंगल’, चढवणारे कलावंतही बहुधा तोच वार धरतात. त्यामुळे गाण्यांवर लिहिणाऱ्याकडे आठवडा संपता संपता ढीग जमतो. त्यात नाशिकचा रॅपर असतो, पुण्याचा मेटल बँड असतो, अभंगाला फंकची जोड देणारी मुंबईची मंडळी असतात, खोलीचं दार लावून गिटारवर हळू आवाजात गाणारी कॉलेजची मुलगी असते, आणि स्वतःचं नावही न लिहिता नुसती लिंक पाठवणारा एखादा टेक्नोवाला असतोच. या सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली की अन्याय होतो. कुठलीच न लावता ‘मस्त झालंय, नक्की ऐका’ लिहिलं, तर ते परीक्षणच होत नाही.

मराठीत हा दुसरा प्रकार फार बोकाळला आहे. वर्तुळ लहान आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं तो पुढच्या गिगला समोर भेटणार, त्याचा ड्रमर आपल्या मित्राचा मित्र निघणार. मग ‘आपलाच पोरगा आहे, धडपडतोय’ म्हणून सगळं गोडगोड लिहिलं जातं. पण स्वतंत्र कलावंताच्या मागे कंपनी नसते, निर्माता नसतो, ‘दुसरं कडवं काढून टाक’ असं तोंडावर सांगणारं कुणी नसतं. घरच्यांनी आणि मित्रांनी आधीच वाहवा केलेली असते. त्याचं गाणं दुसऱ्यांदा लक्ष देऊन ऐकणारा पहिला परका माणूस कदाचित तुम्हीच असाल. हे डोक्यात ठेवून कामाला लागा.

काय घ्यायचं आणि काय सोडायचं

आलेल्या प्रत्येक गाण्यावर लिहायची गरज नाही. ढिगातलं प्रत्येक गाणं एकदा पूर्ण ऐका. ज्यावर तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, तेवढीच बाजूला काढा. ‘आवडलं’ ही निवडीची कसोटी नव्हे. न आवडलेल्या पण डोक्यात राहिलेल्या गाण्यावर अनेकदा जास्त चांगलं लिहिलं जातं.

पहिलंच गाणं प्रकाशित करणाऱ्या, पाचपन्नास श्रोते असलेल्या मुलाचं गाणं साफ फसलं असेल, तर मी त्यावर लिहीत नाही. वाचकाला त्यातून काही मिळत नाही, आणि पोराच्या नावाने शोधलं की पहिली तीच टीका दिसते. त्याला चार ओळींचा खासगी निरोप पुरतो. ज्याचे कार्यक्रम तिकीट लावून चालतात, त्याच्या फसलेल्या गाण्यावर मात्र मोकळेपणाने लिहावं. तिकीट काढणारा वाचक आहे, त्याचा तो हक्क आहे.

‘स्वतंत्र’ या दाव्याची खातरजमाही याच टप्प्यावर करा. स्ट्रीमिंग ॲपवर गाण्याच्या किंवा अल्बमच्या तपशिलात तळाशी वर्तुळातला ‘पी’ आणि वर्तुळातला ‘सी’ अशा दोन खुणा असतात. ‘पी’पुढचं नाव ध्वनिमुद्रणाच्या मालकाचं, ‘सी’पुढचं मुखपृष्ठ वगैरे बाकीच्या गोष्टींच्या मालकाचं. तिथे कलावंताचं स्वतःचं नाव आहे की एखाद्या कंपनीचं, ते बघा. २०२४ मध्ये गाजलेलं ‘तांबडी चामडी’ ऐकताना अगदी घरगुती वाटतं, पण ते स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलने प्रकाशित केलं, आणि ते लेबल २०१७ पासून वॉर्नर म्युझिकच्या मालकीचं आहे. त्याने गाणं उणं ठरत नाही. फक्त ‘कुणाच्याही पाठबळाविना’ असलं वाक्य तुमच्या हातून निसटायला नको.

पैशांचं आत्ताच सांगून टाकतो. परीक्षणासाठी कलावंताकडून पैसे घेऊ नका. घेतलेच, किंवा फुकट तिकीट, टी-शर्ट, प्रवासखर्च असं काही मिळालं असेल, तर मजकुराच्या वरच तसं लिहा. समाजमाध्यमांवरच्या अशा मजकुराबद्दल जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘ॲस्की’ने, २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. देवाणघेवाण झाली असेल तर वाचकाला ती सहज दिसेल अशी सांगावी, असा त्यांचा रोख आहे. नातं असेल तर तेही सांगा. ‘या बँडचा बासवादक माझा जुना रूममेट’ एवढं वाक्य पुरे.

गाण्याआधीचे कागद

ऐकण्याआधी कलावंताकडून गीतकार, संगीतकार, संयोजन, वादक, मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांची जुळणी, आणि मास्टरिंग, म्हणजे तयार गाण्यावरचा शेवटचा हात, यांची नावं मागवून घ्या. शब्दही लिहून मागवा, पण ते पहिल्यांदा ऐकून होईपर्यंत उघडू नका. गाणं अजून प्रकाशित झालेलं नसेल तर साउंडक्लाउडची खासगी लिंक किंवा वेव्ह फाइल मिळते. वेव्हच घ्यावी, तिचा आवाज मूळ दर्जाचा असतो. व्हॉट्सॲपवर गाण्याच्या व्हिडिओची क्लिप पाठवली की आवाजाचा दर्जा घसरतो, आणि त्यावरून मिक्सबद्दल मत देणं चूक.

सोबत आलेलं प्रसिद्धीपत्रक मात्र परीक्षण लिहून होईपर्यंत बाजूला ठेवा. ‘जॅझ आणि भारुडाचा अनोखा संगम’ हे शब्द एकदा वाचले की कान गाण्यात जॅझ शोधायला लागतो, आणि सापडलं नाही तरी लिहिताना ‘जॅझची झाक’ उमटतेच.

ऐकायचं कसं

पहिल्यांदा ऐकताना वही नको, पडदा नको, व्हिडिओ तर मुळीच नको. सिंगल बहुधा व्हिडिओसकट येतं, आणि कोकणातल्या पावसाचं ड्रोनने टिपलेलं दृश्य समोर असलं की सुमार चालही गहिरी वाटते. गाणं संपल्यावर एकच गोष्ट लिहा: काय लक्षात राहिलं? एखादा शब्द, एखादी जागा, ठेका, की काहीच नाही? हे पहिलं टिपण खोडू नका. पुढे गाणं सवयीचं होतं आणि सवयीचं सगळंच बरं वाटू लागतं.

दुसऱ्यांदा ऐकताना घड्याळ घ्या. कागदावर डावीकडे मिनिट-सेकंद, उजवीकडे काय घडलं: ०:१४ला आवाज आला, ०:५२ला धृपद, १:३०ला ढोलकी थांबली. कंटाळवाणं काम आहे, पण सगळं परीक्षण यावरच उभं राहतं. ‘मधला भाग रेंगाळतो’ असं वाटलं असेल तर तो १:४० ते २:२० आहे आणि तिथे दोन ओळी चार वेळा येतात, हे या कागदावरून कळतं. पहिल्या ३० सेकंदांकडे जरा निराळं लक्ष द्या. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो, म्हणून हल्ली सुरावट उभी राहायच्या आत गाणाऱ्याला ओढून आणतात. कलावंताने ती घाई केली का, आणि ती त्या गाण्याला मानवली का, हे लिहिण्याजोगं असतं.

तिसऱ्यांदा शब्द समोर घेऊन. त्यानंतर साधन बदलून: चांगला हेडफोन, फोनचा स्पीकर, जमलं तर गाडी. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. ४०-५० हर्ट्झला घुमणारा बेस तिथे गायबच होतो. मग गाण्यात काय उरतं ते ऐका. गावाकडचा श्रोता तेच ऐकणार आहे.

आवाजाच्या पातळीचा सापळा तर मुरलेल्या माणसालाही फसवतो. दोन गाण्यांतलं जे थोडं मोठ्याने वाजतं ते कानाला जास्त चांगलं वाटतं. स्पॉटिफाय एरवी सगळी गाणी एलयूएफएस या आवाजाचा जोर मोजायच्या एककात साधारण उणे १४ या पातळीला आणून वाजवतं, पण तुमच्याकडे आलेली मूळ फाइल तशी आणलेली नसते. त्यामुळे फाइलची तुलना ॲपवरच्या गाण्याशी करायची असेल तर दोन्हींचा आवाज हाताने सारखा करा. ‘युलीन’सारखा लाउडनेस मीटर फुकट मिळतो. त्यात फाइल उणे ६ किंवा ७, म्हणजे बराच जास्त जोर, दाखवत असेल आणि प्रकार मेटल किंवा ईडीएम, म्हणजे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, नसेल, तर ड्रमचे ठोके चेपलेले का वाटतात याचं उत्तर बहुधा तिथेच मिळेल.

यानंतर एक रात्र जाऊ द्या. सकाळी न ऐकता चाल गुणगुणता येते का बघा.

प्रकार तसा कान

रॅप. मराठी रॅपवर लिहिणारे ‘आशय दमदार आहे’ म्हणून मोकळे होतात, जणू ते वर्तमानपत्रातलं स्फुट आहे. आशय हवाच, पण तो ठेक्यावर कसा बसवलाय ते आधी बघा. जुन्या बूम-बॅप धाटणीचा ठेका मिनिटाला साधारण ८५ ते ९५ ठोक्यांचा, ड्रिल या नव्या धाटणीचा १४०च्या आसपास. ड्रिलमध्ये हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजा, तिहेरी तुकड्यांत पळतात आणि बेस एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. रॅपर त्या पळणाऱ्या हॅटवर स्वार होतो, की खालच्या संथ ठोक्यावर आरामात बोलतो? की दोन्हींच्या मध्ये अडकतो? श्वास कुठे घेतलाय, की ओळी तुकड्यातुकड्याने मुद्रित करून चिकटवल्या आहेत? चिकटवणं गैर नाही. पण मग हाच तुकडा मंचावर सलग कसा म्हणणार, हा प्रश्न रास्त आहे.

यमकाच्या बाबतीत मी कडक आहे. ‘करतोय-मरतोय-धरतोय’ ही यमकं मराठी व्याकरण फुकट देतं, त्यात रॅपरची कमाई शून्य. नामाला क्रियापद भिडवलं, एका शब्दाचं यमक दोन शब्दांत फोडलं, किंवा ओळीच्या पोटात यमक लपवलं, तर तिथे त्याचं नाव घेऊन लिहा. बोलीही ऐका. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा कोल्हापुरी बोलणारा पोरगा हुकमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीत, एकदम पुस्तकी मराठीत शिरला, तर का शिरला?

आणखी एक तपासा: बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, कोणाचं? ‘टाइप बीट’ नावाने मिळणारी तयार बीट्स भाड्याने घेता येतात, आणि साध्या परवान्यात तेच बीट दुसऱ्या दहा जणांनाही मिळू शकतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्या बीटचं श्रेय रॅपरला देऊन बसाल तर तुमचीच शोभा होईल.

अभंग आणि रॉक-फंक. हा प्रकार आता चांगला रुळला आहे, आणि त्यावर सर्वांत आळशी परीक्षणं येतात: ‘परंपरा आणि आधुनिकतेचा मिलाफ’. हे वाक्य तुमच्या मसुद्यात आलं तर पुसा आणि अक्षरं मोजायला बसा. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. तुकोबांचं ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ मोजून बघा. चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड आहे, म्हणजे तिथे जागा मोकळी राहते. वारकरी चालीत ती टाळ-पखवाज आणि मागे म्हणणारे टाळकरी भरून काढतात. बँडने तिथे काय केलं? गिटारचा तुकडा टाकला, की ‘ठेवोनिया’ ताणून ताणून चार मात्रांची भर केली, की शांतता ठेवली? परीक्षणातला सगळ्यात रसाळ परिच्छेद इथून निघतो.

मग ठेका. भजनी ठेका आठ मात्रांचा, पाश्चात्त्य चार ठोक्यांत तो सहज बसतो, म्हणूनच हे मिश्रण वरवर सोपं वाटतं. पण भजनी ठेक्याची लचक आणि ड्रमसेटचा सरळ बॅकबीट, म्हणजे दुसऱ्या-चौथ्या ठोक्यावरचा जोर, एकत्र वाजवताना कुणीतरी माघार घेतं. कोण घेतं ते ऐका. शब्दांशी इमानही बघा. अभंगातलं एखादं कडवं गाळलं असेल तर अर्थ बदलला का? शेवटचं नाममुद्रेचं, ‘तुका म्हणे’चं कडवं उडवून पुन्हा धृपदावर उडी मारलेली दिसली, तर मला ते खटकतं, आणि मी तसं लिहितो.

लोकसंगीत आणि डीजे मिक्स. ढोलकी, संबळ, हलगी खरी वाजवली आहे की आधीच मुद्रित केलेल्या नमुन्यांच्या, म्हणजे सँपल्सच्या, संचातून उचलली आहे? ओळखायची खूण: खऱ्या ढोलकीत डाव्या बाजूचा घुमारा दर आवर्तनाला थोडा वेगळा लागतो. लूप, म्हणजे एकच तुकडा फिरवून वाजवलेला, असेल तर प्रत्येक वेळी हुबेहूब तोच. लूप वापरणं चूक नव्हे, पण ‘अस्सल मातीचा ठेका’ लिहायच्या आत खात्री करा. कोळीगीत सहा मात्रांच्या अंगाने झुलतं. ते चार ठोक्यांच्या हाउस बीटवर चढवताना झुलणं हरवलं तर मागे नुसती ‘पारू’ आणि ‘दर्या’ एवढे शब्द राहतात.

हाउस, टेक्नो. इथे शब्द कमी म्हणून तक्रार करू नका. हाउसचा वेग मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोके, प्रत्येक ठोक्याला किक, म्हणजे मोठा ड्रम. कसोटी ही की दर आठ किंवा सोळा बारना, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनांना, काहीतरी हलतं का, एखादा थर येतो किंवा जातो का. ड्रॉप, म्हणजे पूर्ण ठेका एकदम कोसळतो ती जागा, येण्याआधी उत्कंठा कशी बांधली ते सेकंदांसह लिहा. शिवाय हे संगीत मोठ्या स्पीकरसाठी बनतं, हे विसरून इअरफोनवरचा निवाडा देऊ नका.

मेटल. गुरगुरण्याला ‘आरडाओरड’ म्हणणाऱ्याने मेटलवर लिहू नये, एवढंच. बाकी किक आणि बेस गिटार वेगवेगळे ऐकू येतात का, आणि रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, दुसऱ्यांदा येतो तेव्हा काही बदललंय का, हे दोन प्रश्न पुष्कळ काम करतात.

खोलीत मुद्रित केलेली गिटारगाणी. यांत खोलीचा आवाज, बोटांची घसट, श्वास हे सगळं येतं. ते मुद्दाम ठेवलंय की राहून गेलंय हे गाण्यावरूनच कळतं: शब्द कुजबुजीचे असतील तर श्वास शोभतो, तार सप्तकात गाताना तोच अडतो. या गाण्यांचा ठरलेला दोष म्हणजे चालीखातर मराठी शब्द मोडणं. ‘पाऊस’मधला ‘ऊ’ आखूड करायचा, जोडाक्षर फोडून दोन अक्षरं करायची. गझल असेल तर रदीफ-काफिया, म्हणजे शेराच्या शेवटी तोच येणारा शब्द आणि त्याआधीचं यमक, शेवटच्या शेरापर्यंत सांभाळलाय का तेही बघा. दोन शेर म्हणून सोडून देणाऱ्या ‘गझला’ बऱ्याच येतात.

जो प्रकार तुम्ही कधी ऐकतच नाही, त्यावर लिहिण्याआधी त्या प्रकारातली दहा-बारा गाणी ऐका. तेवढा वेळ नसेल तर गाणं दुसऱ्याला द्या.

लिहायला बसल्यावर

सिंगलचं परीक्षण ३०० ते ४०० शब्दांत बसतं. साडेतीन मिनिटांच्या गाण्याला त्याहून जास्त पसरायचं तर कारण हवं. सुरुवात कलावंताच्या चरित्राने करू नका. जन्मगाव, शाळेतली बक्षिसं, लॉकडाउनमध्ये शिकलेली गिटार, हे वाचून कुणाला गाणं कळत नाही. आपल्या कागदावरची सर्वांत बोलकी जागा उचला आणि तिथून शिरा.

काल्पनिक गाण्यावरचा नमुना देतो. ‘गाण्याचं संगीत अतिशय सुंदर असून गायिकेचा आवाज थेट मनाला भिडतो’ हे वाक्य कुठल्याही गाण्याला चालतं, म्हणजे ते कुठल्याच गाण्याबद्दल नाही. त्याऐवजी: ‘पहिलं कडवं गिटार आणि आवाज एवढ्यावरच चालतं. पन्नासाव्या सेकंदाला बेस शिरतो आणि गायिकेचा आवाज मागे सरकतो, नेमका “परत येऊ नकोस” या शब्दांवर. गाणं ज्यासाठी लिहिलं तीच ओळ ऐकायला कान द्यावा लागतो. शेवटच्या धृपदात बेस बाजूला होतो आणि तीच ओळ चटका लावून जाते.’ इथे स्तुतीही आली, दोषही आला, आणि वाचक स्वतः ऐकून पडताळू शकतो. दोष लिहिताना हाच क्रम ठेवा: कुठे, काय घडतं, त्याने गाण्याचं काय होतं. ‘असं करायला हवं होतं’ हे टाळावं. ते गाणं तुमचं नाही.

‘अप्रतिम’, ‘हटके’, ‘मंत्रमुग्ध’, ‘काळजाला हात घालणारं’ यांना मसुद्यात शोधून काढा. ‘हिंदीच्या तोडीचं’ हे तर आधी काढा. तुलना द्यायची तर एकच द्या, आणि ती नेमकी कशाबाबत आहे ते सांगा, आवाजाची की संयोजनाची. नवोदिताला मोठ्या नावाशेजारी उभं केलं की वाचकाला मोठंच नाव आठवतं.

गाण्याच्या ओळी उद्धृत करायला भिऊ नका. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये टीका आणि परीक्षणासाठी रास्त वापराची मुभा आहे. पण पूर्ण गीत छापणं म्हणजे रास्त वापर नव्हे. ज्या ओळीबद्दल काही म्हणायचंय तेवढीच घ्या, आणि गीतकाराचं नाव लिहा. गायकाचं नाव सगळे लिहितात, गीतकार आणि मिक्सिंग करणारा राहून जातो.

तारे किंवा दहापैकी गुण मला पटत नाहीत. एका कोष्टकात मेटलचे साडेतीन आणि अभंगाचे चार आले की त्यातून वाचकाने काय घ्यायचं? पाच-सहा सिंगल्सचा एकत्र लेख असेल तर क्रमवारीऐवजी मांडणीकडे लक्ष द्या. दोन रॅप लागोपाठ ठेवू नका, सर्वांत अवघड गाणं मध्ये ठेवा, आणि एखाद्या गाण्याला दोनच ओळी पुरत असतील तर दोनच द्या. सगळ्यांना सारखी जागा दिली की तो हजेरीपट होतो.

प्रकाशित करण्याआधी आणि नंतर

कलावंताला मसुदा दाखवायचा नाही. नावांची अक्षरं, श्रेय आणि तारीख एवढंच विचारून घ्या. गाणं अजून यायचं असेल तर ठरलेल्या दिवसाआधी लेख बाहेर पडता कामा नये. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं विचारार्थ पाठवायचं तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं, म्हणून कलावंताने तारखेचं गणित बरंच आधी जुळवलेलं असतं. लेखात गाण्याची लिंक देताना बँडकँप या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर ते असेल तर ती आधी द्या. तिथे घेतलेल्या डिजिटल गाण्याचे बहुतेक पैसे कलावंताला मिळतात, बँडकँपचा वाटा साधारण १५ टक्के. स्ट्रीमिंगवर २०२४ पासून स्पॉटिफायने अट घातली आहे की गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नसतील तर त्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाही. छोट्या बँडला हा फरक जाणवतो.

लेख आल्यावर निरोप येतील. वस्तुस्थितीची चूक दाखवली, म्हणजे ‘ती बासरी सँपल नव्हती, आमच्या मित्राने वाजवली आहे’, तर लगेच दुरुस्त करा आणि दुरुस्ती केल्याचं खाली लिहा. मताबद्दल वाद घातला तर ज्या सेकंदाबद्दल लिहिलंय ते पुन्हा एकदा ऐका. मत तेच राहिलं तर तसं शांतपणे कळवा, आणि मजकुराला हात लावू नका.